पतंगाचा दोरा कुणाच्या हाती?

मैत्रिणींनो, ड्रोन हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घिरट्या घालणारा ड्रोन आपण पाहिलाय. पालखीच्या वाटेवर पाहिलाय. कराड, वाळवा, पलूस भागात आता उसावर औषध मारायलाही तो येतो. दोन माणसं पाठीवर पंप घेऊन उसाच्या सरीत शिरायची, तोंडाला फडकं बांधायची, संध्याकाळी डोकं धरून बसायची. तेच काम बांधावर उभं राहून होतं म्हटल्यावर कुणाला नको आहे?

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? आजवर आपण जे ड्रोन पाहिले, त्यांच्या जवळपास कुठेतरी तो उडवणारा माणूस उभा होता. मंडपाच्या कडेला, नाहीतर शेताच्या बांधावर, हातात रिमोट आणि नजर आभाळात. तो दिसत होता. चूक झाली तर त्याला दोन शब्द सुनावता येत होते. आता जगभर चर्चा आहे ती याच माणसाला दिसेनासं करायची. म्हणजे ड्रोन उडेल आपल्या गावावर, आणि उडवणारा बसलेला असेल दहा-वीस किलोमीटरवर, कदाचित शहरातल्या एखाद्या खोलीत, पडद्यासमोर. याला म्हणतात नजरेपलीकडचं उड्डाण. कागदोपत्री इंग्रजी आद्याक्षरं वापरून 'बीव्हीएलओएस' असं लिहितात. नाव अवघड आहे, पण प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

आधी नियम काय आहेत ते सोप्या शब्दांत पाहू.

आपल्या देशात सामान्य माणसाच्या ड्रोनसाठी पहिले नीट नियम १ डिसेंबर २०१८ पासून लागू झाले. त्यांत सरळ सांगितलं होतं, की ड्रोन दिवसा उडवायचा, ४०० फुटांच्या खाली उडवायचा आणि उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात ठेवायचा. ते नियम फार किचकट आहेत अशी ओरड झाली. मग २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन नियम २०२१' आले. अर्ज कमी झाले, शुल्क कमी झालं. आभाळाचे तीन रंग ठरले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी नको, पिवळ्या भागात परवानगी हवी, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. विमानतळाच्या जवळ हे नियम आणखी कडक होतात. ड्रोनचे वजनाप्रमाणे पाच गट पडले. २५० ग्रॅमपर्यंतचा सर्वात लहान, १५० किलोच्या वरचा सर्वात मोठा. प्रत्येक ड्रोनला गाडीच्या नंबरासारखा नोंदणी क्रमांक हवा. अगदी लहान सोडले तर बाकीच्यांना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा हवा, जसा मोटारीला असतो. आणि व्यवसाय म्हणून उडवायचा असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतून शिकून मिळवलेलं प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास. म्हणजे आपल्या बचत गटातल्या कितीतरी जणी यात बसतात!

नजरेपलीकडच्या उड्डाणांचं मात्र वेगळं आहे. त्यांना सर्रास मुभा देण्याऐवजी सरकारने आधी प्रयोग करून पाहायचं ठरवलं. २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. कर्नाटकात गौरीबिदनूरला जून २०२१ मध्ये औषधं पोचवण्याच्या चाचण्या झाल्या. तेलंगणात विकाराबादला सप्टेंबर २०२१ मध्ये 'आकाशातून औषधं' असा प्रकल्प झाला. आजवरची अशी उड्डाणं प्रयोग म्हणून किंवा खास परवानगीनेच झालेली आहेत. पण प्रयोग हे कायम प्रयोग राहण्यासाठी केले जात नाहीत. आज ना उद्या हे दार उघडणार. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये अशा उड्डाणांना सरसकट वाट करून देणाऱ्या नियमांचा मसुदा जाहीर केला.

मग नजरेच्या टप्प्याचा एवढा आग्रह मुळात कशासाठी होता? कारण साधं आहे. ड्रोनला पुढचं दिसतं ते कॅमेऱ्यातून, आणि कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच दिसतं. बाजूने झेपावणारी घार, विजेची तार, खाली अचानक आलेली पोरं, वरून येणारं हेलिकॉप्टर हे सगळं माणसाची मान वळते म्हणून कळतं. जरा लांब गेला की एवढासा ड्रोन ठिपक्यासारखा दिसतो, आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही समजत नाही. म्हणून दिसेल तेवढ्यातच उडवा, असा नियम. नजरेपलीकडे पाठवायचा तर ही मान वळवायची कामगिरी यंत्राने करायला हवी. आजूबाजूचं विमान ओळखणारं यंत्र हवं, संपर्क तुटला तर आपोआप माघारी येण्याची सोय हवी, आणि आभाळातली वाहतूक एकमेकांना कळवणारी व्यवस्था हवी.

मला मात्र या नियमाचा आणखी एक अर्थ दिसतो, तो नियमाच्या पुस्तकात लिहिलेला नाही. पतंग उडतो तेव्हा दोरा धरून मागे मागे गेलं की उडवणारा सापडतो. तो गच्चीवर असतो, नाहीतर वाड्याच्या मागे. नजरेच्या टप्प्याचा नियम हा तसाच दोरा होता. त्याच्यामुळे उडवणाऱ्याला गावात यावं लागत होतं, लोकांसमोर उभं राहावं लागत होतं. नियम सैल होताना तंत्रज्ञ विचारतील, ड्रोन धडकणार तर नाही ना? आपण बायकांनी विचारायला हवं, हा दोरा आता कुणाच्या हाती आहे, आणि तो आम्हाला कुठे सापडेल?

लगेच कुणी म्हणेल, तुम्ही बायका प्रत्येक नव्या गोष्टीला नाक मुरडता. तसं नाही हो. नजरेपलीकडच्या ड्रोनची खरी गरज कुणाला असेल तर ती आपल्याच भागाला आहे.

साताऱ्याच्या महाबळेश्वर तालुक्यातलं कांदाटी खोरं घ्या. कोयना धरणाचं पाणी पसरलं आणि पलीकडची गावं शिवसागराच्या त्या बाजूला राहिली. तापोळ्याहून, बामणोलीहून लाँचने जायचं आणि मग डोंगर चढायचा, अशी त्यांची वर्षानुवर्षांची वाट. आषाढातल्या पावसात, वारं सुटलेलं असताना, साप चावलेल्या माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला घेऊन हे पाणी ओलांडणं म्हणजे काय, ते तिथल्या बायकांनाच विचारा. माणूस ड्रोनमध्ये बसवता येत नाही, हे खरं. पण सर्पदंशाची लस, रक्ताची पिशवी, तपासणीचा नमुना यांना पाणी आडवं येत नाही. आणि इथे ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवून काही उपयोगच नाही. पाण्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचं डोंगराआडचं गाव कसं दिसणार?

हे स्वप्नरंजन नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ४ ऑक्टोबर २०२१ ला मणिपुरात विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर कोरोनाची लस ड्रोनने पोचवली. १५ किलोमीटरचं हवाई अंतर, वेळ लागला १२ ते १५ मिनिटं. आपल्या राज्यात पालघर जिल्ह्यात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप या आदिवासी गावाला लसीचे ३०० डोस असेच गेले. रस्त्याने पाऊण तासाच्या आसपास लागणारी वाट दहा मिनिटांच्या आत कापली गेली. आफ्रिकेतल्या रवांडा या डोंगराळ देशात तर २०१६ पासून दूरच्या दवाखान्यांना रक्त ड्रोनने पोचवतात. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की घड्याळाचा काटा किती वेगाने पळतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने, रवांडात हे काम करणारी कंपनी आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट यांच्या साथीने, अशीच योजना जाहीर केली होती. पुणे आणि नंदुरबारजवळ पहिली केंद्रं व्हायची होती. घोषणा मोठी होती. पण घोषणा झाली म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पिशवी पोचली असं होत नाही, हे आपण पुष्कळदा अनुभवलंय. तेव्हा नियम सुटसुटीत झाले की पहिली मागणी आपण अशीच करायला हवी, की आधी औषध, मग पार्सल. शहरातल्या एखाद्याला गरम पिझ्झा दहा मिनिटांत मिळतो की नाही, ही नंतरची गोष्ट.

आता सांगलीकडे येऊ. ऑगस्ट २०१९ चा महापूर आपण विसरणं शक्य नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ४५ फूट ही धोक्याची पातळी! वाड्या-वस्त्या बेटांसारख्या झाल्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली आणि त्यात बायका-मुलं गेली. अशा वेळी गच्चीवर कोण अडकलंय, कुठल्या रस्त्यावर किती पाणी आहे, इन्सुलिन कुणाला हवंय, हे लांबवर जाणारा ड्रोन घटकेत सांगू शकतो. पण त्याच पुरात हेलिकॉप्टरही फिरत असतात. हौसेने व्हिडिओ काढायला कुणी चार ड्रोन उडवले तर बचावाचं हेलिकॉप्टरच अडचणीत येईल. म्हणजे तेच यंत्र, तेच आभाळ, तारणारं आणि मारणारं. दोन्हींत फरक नियमाचा आणि जबाबदारीचा.

जबाबदारी नसली की काय होतं, याची झलक २०२४ च्या पावसाळ्यात आपण पाहिली. जून-जुलैमध्ये पुणे, नगर, बीड, संभाजीनगर अशा जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोक घाबरले. चोर आधी ड्रोनने घरं हेरतात, अशी आवई उठली. गावोगाव पुरुष काठ्या घेऊन गस्त घालू लागले. पोलिसांना अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगत फिरावं लागलं. त्यातलं खरं किती, खोटं किती हा भाग सोडा. पण भीती कशाची होती? ड्रोन दिसत होता आणि उडवणारा दिसत नव्हता, याची! आपल्या भागातही तेव्हा बायका अंगणात, गच्चीवर झोपायच्या बंद झाल्या. ज्यांच्या न्हाणीघराला वरून छप्पर नाही, त्यांनी तर पहाटे उठून उरकून घेतलं.

याच्या उलट एक उदाहरण सांगते. गावठाणाची मोजणी आठवते ना? पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात आधी त्याचा प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत ती सुरू झाली. सर्वे ऑफ इंडियाचा ड्रोन गावावरून फिरला, घरन् घर टिपलं. त्या ड्रोनला कुणी घाबरलं नाही. का? तर आधी ग्रामसभेत सांगितलं गेलं, दवंडी झाली. लोकांनी स्वतः आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या. पोरं तर गोळा होऊन बघत बसली. ड्रोन गावभर फिरून गेला आणि बदल्यात मिळकत पत्रिका मिळाली. आकाशातल्या यंत्राला गाव घाबरत नाही, मैत्रिणींनो. न विचारता, न सांगता आलेल्या यंत्राला घाबरतं.

म्हणून नजरेपलीकडच्या उड्डाणांच्या नियमात पहिली गोष्ट हवी ती आगाऊ सूचना. ही काही जगावेगळी मागणी नाही. कीटकनाशकांचे १९७१ चे नियम पाहा. विमानातून फवारणी करायची असेल तर किमान २४ तास आधी लोकांना कळवायचं आणि माणसं-जनावरं त्या जागी जाणार नाहीत हे बघायचं, असं त्यात तेव्हाच लिहून ठेवलंय. पन्नास वर्षांपूर्वी हे सुचलं, तर आज मोबाइलच्या काळात गावाला कळवायला काय अडचण आहे?

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. औषध नेणाऱ्या ड्रोनलाही वाट पाहायला कॅमेरा लागतो. मग जाता जाता त्याने टिपलेलं आमचं अंगण, ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका, मागच्या दाराला केस पुसत उभी असलेली सून, ही चित्रं कुठे जातात, किती दिवस ठेवतात, कोण बघतं? बाईचं खासगी क्षणातलं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांची कैद आहे. पण गुन्हा दाखल करायला गुन्हेगार माहीत हवा. तोच नेमका नजरेपलीकडे!

तिसरी गोष्ट रोजगाराची, आणि याकडे कुणी फारसं बघत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५ हजार बचत गटांना शेतीचे ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत, आणि गटातल्या एकीला १५ दिवसांचं प्रशिक्षण. बाईच्या हातात रिमोट आला, लोक तिला पायलट ताई म्हणू लागले, ही काही लहान गोष्ट नाही. पण आता विचार करा. फवारणीचा ड्रोन नजरेच्या टप्प्यातच उडवायचा, असा नियम आहे तोवर पायलट गावात लागते. उद्या एक माणूस पुण्यात बसून दहा गावांतले दहा ड्रोन चालवू शकला तर? मग गावातल्या ताईकडे काय उरेल? टाकी भरणं, बॅटरी बदलणं, ड्रोन धुणं. म्हणजे पुन्हा औषधाला हात लावायचं काम बाईचं आणि बटण दाबायचं काम दुसऱ्याचं. पाठीवरचा पंप गेला पण वाटणी तीच राहिली, असं व्हायला नको. नजरेपलीकडच्या उड्डाणाचं जे वेगळं प्रशिक्षण निघेल, त्यात ड्रोन दीदींना पहिल्या रांगेत बसवा, अशी मागणी आपल्या गटांनी आत्ताच करायला हवी. गाडी सुटल्यावर हात दाखवून उपयोग नसतो.

चौथी गोष्ट, नुकसान झालं तर धरायचं कुणाला? अमेरिकेच्या मसुद्यात जबाबदारी एकट्या पायलटवर न ठेवता ड्रोन चालवणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. ते मला पटतं. पगारावरच्या पोराला पुढे करून मालकाने मागे राहायचं, हे आपण इतर धंद्यांत पुष्कळ पाहिलंय. आपल्या सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी लोकांपुढे ठेवला. त्यात विमा आणि भरपाईची कलमं आहेत. पण अशा मसुद्यांवर सूचना पाठवतं कोण? कंपन्या पाठवतात, वकील पाठवतात. द्राक्षबागेत काम करणारी तासगावची बाई किंवा कांदाटीतली आशा ताई पाठवत नाही, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यात भाषा इंग्रजी. मग नियम तयार होतात ते ज्यांनी पत्र पाठवलं त्यांच्या सोयीचे.

तर आपण काय करायचं? मोर्चा काढायची गरज नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. त्या सभेत हा विषय ठेवा. गावावरून कुणी ड्रोन उडवणार असेल तर त्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर पाच ओळी लिहाव्यात, एवढा ठराव करा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, काम काय, दिवस आणि वेळ कोणती, विमा आहे की नाही, आणि फोन केल्यावर उचलणाऱ्या माणसाचा नंबर. आभाळावर हुकूम चालवायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही, हे खरं. तो केंद्राचा विषय आहे. पण ठराव वर पाठवायचा अधिकार आहे, आणि शंभर गावांनी एकच ठराव पाठवला तर तो वाचावा लागतो. सांगली-साताऱ्याला ठराव करून लढायची सवय काही नवी नाही.

आणि हो, रात्री-बेरात्री ड्रोन दिसला तर दगड मारू नका, पोरांना मारू देऊ नका. तो कुणाच्या तरी घरावर, जनावरावर पडेल. वेळ लिहून ठेवा, दिशा लिहून ठेवा, जमलं तर फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. 'काहीतरी उडत होतं' यापेक्षा 'रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी, ओढ्याकडून शाळेकडे' या तक्रारीला वजन असतं. व्हॉट्सअॅपवर आलेला दुसऱ्या जिल्ह्याचा व्हिडिओ मात्र पुढे ढकलू नका.

नवी यंत्रं येतात तेव्हा आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, देश पुढे चाललाय, गप्प बसा. दुसरा म्हणतो, बंद करा हे सगळं. कांदाटीतल्या बाळंतिणीला यातला कुठलाच सूर उपयोगाचा नाही. तिला औषध वेळेवर हवंय. तिच्या अंगणाची अब्रूही शाबूत हवी आहे. दोन्ही एकदम मागणं हा हट्ट नव्हे, तो तिचा हक्क आहे. ड्रोन खुशाल डोंगरापलीकडे जाऊ दे. उडवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि जबाबदारी तेवढी आपल्या नजरेच्या टप्प्यात राहिली पाहिजे.